मिरची चाखवणारी कौतिकाबाई

‘मिरची सापाला ओळखत नाही!’ हे वाक्य माझं. आमच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या पत्रकावर ते सगळ्यात वर, ठळक अक्षरांत छापलं होतं. त्याखाली एक लाल मिरची आणि तिच्यावर काळी फुली. हे पत्रक हरणटोला गावात पहिल्यांदा वाटलं, त्याच दिवशी परतताना कौतिकाबाईच्या अंगणात पाहिलं, तर बाई त्याच पत्रकाचे चौकोन फाडून तिखटाच्या पुड्या बांधत बसली होती.

“कागद जाड हाय व तुहा,” मला म्हणाली. “पुडी मस्त बसते. अजून आन.”

त्या दिवसापासून मी तिच्यासाठी ‘कागदवाली’ झाले. आणि माझ्यासाठी ती झाली तालुक्यातली सगळ्यात धोकादायक बाई.

गेल्या माघात ती गेली. तेलंगणात, मिरचीतोडीच्या मुक्कामावर, झोपेतच. मला माणसांबद्दल लिहिता येत नाही. मला पत्रकं लिहिता येतात: हे करा, ते करू नका, जाब विचारा. पण हिच्याबद्दल पत्रक लिहिता येणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ती रीत सांगते. सावली तालुक्यात, वैनगंगेच्या आजूबाजूला, धानाच्या बांधीत साप चावला की माणसाला आधी मिरची चारतात. तिखट लागली तर विष नाही. घरी चला, चहा प्या. तिखट लागली नाही, तर विष चढलं; मग गाडी, मग दवाखाना. काही गावांत मिरचीच्या जागी कडुनिंबाचा पाला असतो. हा मूर्खपणा आहे आणि मी तो मूर्खपणा म्हणूनच लिहिणार. विष रक्तात उतरतं, नसांत उतरतं. जिभेला त्याची खबरही नसते. चावलेल्या माणसाला मिरची तिखटच लागते. तो ‘तिखट, तिखट’ म्हणतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि दवाखान्यात जायची वेळ चहात विरघळून जाते.

हरणटोल्यात आणि आसपासच्या गावांत ही मिरची चारायचा मान कौतिकाबाईचा होता.

बाई उंच, हाडापेरानं रुंद. गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. बोटांची टोकं तांबूस, सालं निघालेली. आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून बोलली की त्या धुऱ्यावरचा बैल मान वर करायचा. बौद्ध मोहल्ल्यात विहाराच्या मागं तिचं कवेलूच्या छपराचं घर. नवरा फार वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा चंद्रपूरला कामाला, घरात ती आणि सून वंदना. धान कापून झालं की गावातल्या बायांचा ट्रक भरून ती सिरोंच्याच्या पलीकडे, तेलंगणात, मिरची तोडायला न्यायची. त्या टोळीची मुकादम तीच. कोणाचं लेकरू कोण सांभाळणार, झोपडी कुठं पडणार, कोणाच्या बोटांची आग झाली तर ताक कुठून आणायचं, सगळं तिच्या शब्दावर. तिला तेलुगूत पाणी मागता यायचं आणि शिव्या देता यायच्या. शेतमालकाशी व्यवहाराला एवढी भाषा पुरते, असं तिचं मत होतं.

मिरची हे तिचं सगळ्यावरचं औषध. थंडीताप आला, ठेचा खाऊन घाम काढ. पोटात जंत झाले, मिरचीचं बी गिळ. तिच्या आजीच्या काळी पटकीच्या साथीत मिरची आणि हिंगाची गोळी देत, हे ती अशा थाटात सांगायची की जणू गोळी हिनंच वळली होती. स्वतःला खोकला झाला की चुलीत मिरची टाकून धूर घ्यायची आणि आणखी खोकायची. मी दवाखान्यातून बाटली आणून दिली, ती तिनं कोंबडीला पाजली.

दृष्टही काढायची. मिरच्या ओवाळून विस्तवात टाकायच्या; ठसका उठला तर दृष्ट नव्हती, ठसका उठला नाही तर मोठीच होती. म्हणजे इथंही तेच. जे वाईट लागलेलं असतं ते मिरचीचा तिखटपणा खाऊन टाकतं, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला समज. सापाचं विष असो की शेजारणीची नजर.

“बाई, विहाराच्या मागं राहता आणि दृष्ट काढता?” मी एकदा विचारलंच.

“विहार पुढं हाय, चूल मांगं हाय,” ती म्हणाली.

मी तिला इतिहास सांगितला. म्हटलं, ही मिरची आपली नाहीच. काही शतकांपूर्वी जहाजातून आली. त्याआधी आपल्याकडं मिरी होती, मिरीवरूनच हिला मिरची म्हणू लागले. जी वस्तू इथं नव्हतीच, तिची रीत पूर्वापार कशी असेल? मला वाटलं, हा मुद्दा बिनतोड आहे.

बाईनं ऐकून घेतलं. खर्रा थुंकली. “मिरची नवी असन व. भेव तं जुनं हाय ना?”

पुढं लक्ष्मणबुवाचं प्रकरण झालं. हा म्हातारा शेळ्या चारायचा. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरायचं, ही आमच्याकडची दुसरी रीत. बुवा पिंडरी धरून थेट बाईच्या अंगणात.

“बाई, भर तिखट.”

“तिखट असं कोरड्यावर चढत नाई, बुवा. आंधी धुवा लागते. वंदना, वडीचा साबन आन!”

विहारात संध्याकाळची बुद्धवंदना सुरू होत होती. ती संपेपर्यंत बाईनं बुवाचा पाय धुतला. साबण, पाणी, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. बुवा कण्हत म्हणाला, “आता भर.”

“आता सुई. सुई घेतल्याबिगर तिखट भरलं का ते उलटते. मंग मानूस भुंकते.”

बुवा घाबरून दवाखान्यात गेला. ज्या ज्या दिवशी बोलावलं त्या त्या दिवशी गेला, सगळ्या सुया घेतल्या. शेवटची घेऊन आला आणि पाय पुढं केला. “आता तिखट?”

“आता कायले? सुकलं ना थे.”

सगळं अंगण हसलं. मी हसले नाही. मला एवढंच दिसलं की ही बाई बरोबर काम करते आणि नाव तिखटाचं करते. गावाला साबण आठवणार नाही, तिखट आठवेल! मी त्यावर आणखी एक पत्रक काढलं. त्याच्याही पुड्या झाल्या.

मग भादव्यात दिवाकरला साप चावला. नुकतं लग्न झालेला पोरगा, निंदण चालू होतं, धुऱ्यावर पाय पडला. मी विहारात बायांची बैठक घेत होते. आरडाओरडा ऐकून बाहेर आले, तर चौघांनी त्याला उचलून आणलेलं आणि सगळं गाव ओरडतंय, “बाई, चाखवा! बाई, चाखवा!”

मी आडवी आले. हात पसरून ओरडले, “मिरची नको! दवाखान्यात न्या!” गावचे पोलीस पाटील नामदेवभाऊ मला शांतपणे म्हणाले, “ताई, थोडं बाजूले व्हा,” आणि एखादी पाटी सरकवावी तसं मला सरकवलं.

बाई घराच्या मागून आली. हातात एक हिरवी मिरची. दिवाकरच्या तोंडात घातली.

“चाव. गिळू नको. लागते का?”

दिवाकरनं चावली. आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, तो मी पाहिला. “नाई व बाई. काहीच नाई. काकडीसारखं लागते.”

त्याच्या बायकोनं हंबरडा फोडला.

“चढलं!” बाई गरजली. “इख चढलं! नामदेवभाऊ, गाडी काढा! चालवू नका त्याले, उचला. पाय बांधू नका, ब्लेड लावू नका. मांत्रिकाचं नाव कोनी काढलं तं तंगडं तोडीन!”

गाडी निघालीसुद्धा. धूळ बसली, माणसं पांगली. चालवू नका, बांधू नका, कापू नका. हे तिन्ही माझ्या पत्रकातले शब्द होते. वंदनेनं वाचून दाखवले असणार. पण माझं डोकं फिरलेलंच होतं.

“आणि लागली असती तर?” मी म्हटलं. “तिखट लागली असती, तर घरी पाठवलं असतं ना त्याला? मेला असता ना तो?”

बाईनं माझा दंड धरला आणि मला घराच्या मागं नेलं. गोठ्याच्या भिंतीला लागून काट्यांचं कुंपण, आत मिरचीची दहाबारा झाडं. फळ जाडसर, पोपटी. तिनं एक तोडून माझ्या हातात दिली.

“खा.”

मी डोळे मिटून, दात घट्ट करून चावली. काहीच नाही. ओल्या गवताचा वास आणि पाणी. काकडी.

“मिरचीच्या फडावर एक झाड असं निंघालं होतं,” ती म्हणाली. “शेतवाला म्हणे, उपटून फेक, वान बिघडवते. मी त्याचं बी कमरेले बांधून आनलं.”

 इतकी वर्षं, इतकी माणसं, आणि कोणालाच तिखट लागलं नव्हतं. लागणारच नव्हतं. प्रत्येकाला गाडी. बिनविषारी चावला असेल तर डॉक्टर एक दिवस ठेवून घरी पाठवायचे आणि गाव म्हणायचं, बाईच्या मिरचीनं वेळेवर ओळखलं.

“कोणालाच संशय आला नाही?”

“एक होता. मर्दानगी दाखवाले म्हणे, ‘लागली बाई, लय तिखट लागली.’ मी म्हणलं, बाप्पा! ह्याच्या तं डोक्यात चढलं, भरम होऊन राह्यला! दोन गाड्या काढा!”

हसली. मग हसू आटपून तिथंच गोठ्याच्या दगडावर बसली आणि तिनं नवऱ्याचं सांगितलं. धानाचे भारे उचलताना त्याला परड चावली, म्हणजे घोणस. मिरची चारली. “तोंड भाजलं त्याचं. तिखट लागली म्हणून सासूनं साखर वाटली सगळ्याइले. मी चहा मांडला. चहा पेता पेता हिरड्यातून रगत आलं. कपात पडलं.”

तिनं पदरानं ओठ पुसले. 

“मंग सांगत फिरली मी घरोघरी, का मिरचीचं आयकू नका. लोक म्हणत, दुःखानं बोलून राह्यली बिचारी. बाईचं कोन आयकते व? मिरचीचं आयकतेत. म्हणलं, ठीक हाय. मिरचीलेच बोलाले लावू.”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण मी चळवळीतली आहे आणि मला जे दिसलं ते मी बोलले. “हे खोटं आहे, बाई.”

“खोटंच हाय.”

“अंधश्रद्धा पोसताय तुम्ही.”

“पोसत नाई. दावनीले बांधली हाय. मोकळी सोडली तं मानसं खाते.”

“आणि तुम्ही गेल्यावर? मिरची चारायची रीत राहील, कारण ती तुम्हीच पक्की केलीत. फिकी मिरची मात्र तुमच्याबरोबर जाईल. मग कोणी घरातली तिखट उचलून चारली तर?”

 तिनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. कुंपणाची एक काटी उगाच सारखी केली. “जा आता,” म्हणाली. “तुही बस चुकन.”

त्यानंतर मी तिचं गुपित कोणाला सांगितलं नाही आणि पत्रकं वाटायचीही थांबवली नाहीत. ती माझ्यासमोर पुड्या बांधायची आणि मी तिच्यासमोर नवा गठ्ठा ठेवायची. आमचं भांडण मिटलं नव्हतं. पण बोलता बोलता तिची नजर गोठ्याकडे जायची. प्रश्न तिच्या मनात राहिला होता.

कार्तिकात धान कापून खळ्यावर आलं. भर दुपार. मी गावात पोचले तेव्हा सगळे खळ्याकडे धावत होते. भारा उचलताना बाईलाच चावली होती. परडच. एकानं काठीनं मारून बाजूला टाकलेली पाहिली मी.

बाई भाऱ्याला टेकून बसली होती, पाय लांब करून, अजिबात न हलता. भोवती सगळं गाव. आणि कोणाला काही सुचत नव्हतं, कारण चाखवणारीलाच साप चावला होता. मग नामदेवभाऊ म्हणाले, “बाईच्याच रितीनं बाईले पाहू.” शेजारीण तिच्याच स्वयंपाकघरात धावली आणि मूठभर लाल मिरची घेऊन आली. सिरोंच्याकडची, बारीक, नुसत्या वासानं शिंक आणणारी.

मी गोठ्यामागं पळाले. कुंपणात हात घातला, ओरखडे आले, एक फिकी तोडली आणि परत आले. काम सोपं होतं. पुढं व्हायचं, तिच्या तोंडात घालायची, ती म्हणणार ‘काहीच लागत नाई’, आणि गाडी निघणार. मी एक पाऊल पुढं टाकलं. बाईनं माझ्या मुठीकडं पाहिलं. तिला कळलं मुठीत काय आहे.

तिनं मान हलवली. नको.

शेजारणीच्या तळहातावरची लाल मिरची तिनं उचलली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि तोंडात घालून चावत राहिली. चेहरा लाल झाला. डोळ्यांतून, नाकातून धारा. जोराचा ठसका.

“लागली! बाईले लागली!” कोणीतरी रडत, हसत ओरडलं. नामदेवभाऊ सुटल्यासारखे मटकन खाली बसले. “वंदना, चहा मांड व!” एका म्हातारीनं हाक दिली आणि वंदना खरंच घराकडं वळली.

“चहा नको मांडू!”

तो आवाज. खळं जिथल्या तिथं थांबलं.

“लागली. भयान लागली. तोंड पेटलं माहं. अन् तरी इख हाय. पाय पाहा.” पाय खरंच सुजत चालला होता. “माह्या मानसालेही लागली होती. तुमाले सगळ्याइले मी आजवर फिकी चारली. गोठ्यामांगं झाडं हायत, जाऊन खाऊन पाहा. मिरचीले काही समजत नाई. कधीच समजत नव्हतं. गाडी काढा.”

कोणी हललं नाही. मला ते चेहरे अजून दिसतात. एका बाजूला मिरची सांगतेय विष नाही, दुसऱ्या बाजूला बाई सांगतेय विष आहे. आणि मधे तिचा सुजणारा पाय, जाणारा वेळ. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी जपून ठेवलेली युक्ती स्वतःच्या जिवाची वेळ आली तेव्हा या बाईनं फेकून दिली होती. नुसता शब्द पुढं केला होता. बाईचा शब्द. जो एकदा कोणी ऐकला नव्हता.

“बाई बरळून राह्यली,” नामदेवभाऊ पुटपुटले. “इख डोक्यात गेलं.”

“मग गाडी काढा ना!” मी किंचाळले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं, आणि उठले. त्यांनी तिचं खरं मानलं की ती बरळते असं मानलं, हे मला आजही ठाऊक नाही. विचारलं तर दर वेळी वेगळं सांगतात.

गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंड उघडं, जीभ बाहेर, श्वासाश्वासाला हाय हाय. ती हाय हाय विषाची कमी आणि मिरचीची जास्त होती. “तू पुसलं होतं ना,” मला म्हणाली, “मी गेल्यावर काय, म्हणून?” मग डोळे मिटले. “आता गप बस. अन् पाय हालू देऊ नको माहा.”

ती वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती, पाय काळानिळा पडला, पण वाचली. घरी आली तेव्हा तोंडातले फोड अजून गेले नव्हते आणि ती ते तोंड उघडून प्रत्येकाला दाखवायची. “हे मिरचीचं,” मग पाय दाखवायची, “हे सापाचं. दोनी एका वक्ती.”

गाव मात्र भडकलं होतं. इतकी वर्षं आम्हाला येडं बनवलं! भांडायला माणसं अंगणात आली. बाई खाटेवर, पाय उशीवर, आणि चुलीशी वंदना बेसनात बुडवून मिरचीची भजी तळत होती. बाईनं गोठ्यामागची सगळी झाडं झोडून घेतली होती.

“भांडा, पन खाऊन भांडा.”

दिवाकरनं एक भजं उचललं. चावलं. आणि त्याचं तोंड थांबलं. बायकोकडं वळून तो हळूच म्हणाला, “हेच. त्या दिवशी हेच लागलं होतं.” मरणाची चव म्हणून जी त्याच्या जिभेवर बसली होती, ती ही होती. गोठ्यामागची, बेसनातली. अंगणात एकेकानं उचललं. ज्यांना कधी साप चावला होता ते सगळे चावत होते आणि एकमेकांकडं पाहत होते. भांडायला आलेलं कोणी भांडलं नाही. मीही एक खाल्लं. मीठ जरा कमी होतं.

पौषात ट्रक निघाला, बाईचा शेवटचा. बाईला सगळ्यांनी अडवलं, मी तर डॉक्टरांचं नाव घेऊन अडवलं. ती लंगडत आली आणि ट्रकावर चढली. वरून मला हात दाखवला. “कागदवाली! गठ्ठा दे.”

“पुड्या बांधायला?”

“वंदना वाचून दाखवन फडावर. तिकडंही हेच खूळ हाय.” मग जरा थांबून, “वाचून झाल्यावर पुड्या बांधीन.”

मी गठ्ठा वर फेकला. तिनं वरचा कागद डोळ्यांपुढं धरला. वाचता येत नव्हतं, पण फुली मारलेली मिरची ओळखू येत होती. “तुहं वरचं वाक्य बेकार हाय,” म्हणाली. “साप ओळखते, नाई ओळखत, कोनाले काय करा लागते? काय करा लागते थे लिही.”

ट्रक हलला. बाया एकमेकींना धरून बसल्या. आणि ट्रक वळणाला लागायच्या आत बैलांनी माना वर कराव्यात असा तो आवाज आला:

“तिखट लागली?”

आणि ट्रकभर बायांचा:

“तरी गाडी काढा!”

आमच्या पत्रकावर आता हेच छापतो. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. माझं वाक्य मी काढून टाकलं आहे.